हायब्रिड रॉकेटच्या घन इंधनाची टेस्ट: आकडे कुठे बिघडतात आणि ते कसे सांभाळायचे

टेस्टचे आकडे जुळत का नाहीत, हाच प्रश्न परत परत येतोय म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. पोरं-पोरी दोन-तीन महिने खपून टेस्ट मोटर बांधतात, फायरिंग मस्त होतं, व्हिडिओ पण झकास येतो, आणि मग आकडे काढायला बसलं की एकाच इंधनाच्या तीन फायरिंगचे रिग्रेशन रेट तीन दिशेला. मग इंधनाला दोष द्यायचा, मेण बदलायचं, काजळी वाढवायची, असं सुरू होतं. मी जेवढे डेटा बघितलेत त्यात बहुतेक वेळा इंधन ठीकच होतं, गडबड होती ती वजनकाट्यावर, जळण्याचा वेळ धरण्यात नाहीतर सरासरी व्यास काढण्यात.

रिग्रेशन रेट म्हणजे ग्रेनच्या (ओतून बनवलेल्या इंधनाच्या पोकळ नळकांड्याच्या) आतल्या भोकाची, म्हणजे पोर्टची भिंत दर सेकंदाला किती मिमी मागे सरकली. हायब्रिडमध्ये, म्हणजे घन इंधनावरून वायू किंवा द्रव ऑक्सिडायझर (जाळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) सोडणाऱ्या रॉकेटमध्ये, हा वेग मुख्यतः पोर्टच्या दर चौरस सेमीमधून सेकंदाला किती ग्रॅम ऑक्सिडायझर जातो, म्हणजे फ्लक्सवर ठरतो. सूत्र छोटंसं आहे, रेट = ए × फ्लक्सचा एन-वा घात, ए आणि एन हे त्या इंधन-ऑक्सिडायझर जोडीचे ठराविक आकडे. टेस्टचं सगळं काम म्हणजे हे ए आणि एन विश्वासाने सांगता येणं.

खालची सगळी उदाहरणं पॅराफिन मेण आणि वायुरूप ऑक्सिजनची आहेत, ग्रेन २०० मिमी लांब, पोर्ट ३० मिमी. नायट्रस ऑक्साइड, जो ऑक्सिडायझर म्हणून बरेच जण वापरतात, तो मुद्दाम घेतला नाही. त्याचं क्रिटिकल तापमान ३६.४ अंश आहे, दाब साधारण ७२ बार. आपल्याकडे विदर्भात एप्रिल-मे मध्ये सावलीत सुद्धा पारा याच्या वर असतो, म्हणजे सिलिंडरमध्ये द्रव-वायू असा फरकच राहत नाही, दाब चढतो आणि फ्लो किती गेला याचं गणित कोसळतं. शिवाय नायट्रस स्वतःच विघटन होऊन फुटू शकतो, २००७ मध्ये अमेरिकेत मोजावेला नुसत्या कोल्ड फ्लो टेस्टमध्ये, काही पेटवलेलं नसताना, तीन माणसं गेली. इंधनाची तुलना करायची असेल तर सुरुवात ऑक्सिजनवर करा.

सावधान: हे घराच्या गच्चीवर करायचं काम नाही. कॉलेजची लॅब, जबाबदार गाईड, टेस्ट सेलची भिंत, लांबून चालवायचे व्हॉल्व्ह आणि लेखी परवानगी हे असेल तरच पुढे वाचून उपयोग. सिलिंडर ठेवण्याचे नियम गॅस सिलिंडर्स रूल्स २०१६ मध्ये आहेत, ते बघणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सरकारी सुरक्षा संस्थेचं, मुख्यालय नागपूरलाच आहे, तुमच्या गॅस सप्लायरला आणि सेफ्टी ऑफिसरला आधी विचारा.

## १. फायरिंगची यादी आधी कागदावर

साचा उचलण्याआधी ठरवा की कुठल्या फ्लक्सच्या रेंजमध्ये टेस्ट करायची. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त फ्लक्समध्ये निदान तीन ते चार पट अंतर पाहिजे. सगळे पॉइंट (एक फायरिंग म्हणजे आलेखावरचा एक पॉइंट) ८ च्या फ्लक्सच्या आसपास घेतले तर एन काहीही येऊ शकतो, ०.४ पण आणि ०.९ पण, आणि दोन्ही रेषा त्या पॉइंटच्या घोळक्यातून आरामात जातील. दोन टोकांचे पॉइंट दोन-दोनदा करा, मधले एकेकदा चालतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, फ्लक्स बदलला तर मेणाची बॅच तीच ठेवा.

## २. ग्रेन ओतणं

इथे घाई करू नका, कारण इथला दोष नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही.

पॅराफिन द्रवाचं घन होताना आकारमानाने साधारण १५ टक्के आकसतं. म्हणजे तुम्ही साचा काठोकाठ भरला आणि झोपायला गेलात तर सकाळी वर खड्डा दिसतो, तो दिसतो म्हणून त्यात आणखी मेण ओतून टाकतात, पण आतमध्ये ज्या पोकळ्या झाल्या त्या तशाच राहतात. आम्ही एक ग्रेन फायरिंगनंतर करवतीने उभा कापला होता, बाहेरून गुळगुळीत, चकचकीत, आणि आत वरच्या टोकापासून चार बोटांवर लायनरला, म्हणजे ग्रेनभोवतीच्या नळीला चिकटून बोराच्या बी एवढ्या पोकळ्यांची रांग, मेण आधी बाहेरून थिजलं आणि मग आत आत ओढलं गेलं त्याची खूण. त्या ग्रेनचा रेट बाकीच्यांपेक्षा जास्त आला होता आणि आम्ही आठवडाभर त्याचं कारण ऑक्सिजनच्या लाइनमध्ये शोधत होतो.

क्रम असा ठेवा:

1. मेण वजन करून डबल बॉयलरमध्ये, म्हणजे पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. थेट शेगडीवर किंवा हॉट प्लेटवर नको. तापमापी मेणातच बुडवलेला असू द्या.
2. काजळी घालायची असेल तर एक टक्का किंवा त्याहून कमी पुरते. तिचं काम एवढंच की ज्वाळेची उष्णता पारदर्शक मेणातून आत जाऊन ग्रेन आतूनच मऊ करू नये. नीट ढवळली नाही तर ती तळाला बसते आणि ग्रेनचं एक टोक काळं, दुसरं राखाडी होतं.
3. जमलं तर साचा आडवा फिरवत ओता, म्हणजे स्पिन कास्टिंग. मेण बाहेरच्या भिंतीला दाबलं जातं, आकसणं सगळं आतल्या पोर्टकडे येतं, आणि पोर्ट नंतर लेथवर मापात आणता येतो. फिरवायची सोय नसेल तर थोडं थोडं, थरांनी ओता, पण खालचा थर वरून अर्धवट मऊ असतानाच पुढचा ओता, नाहीतर दोन थरांमध्ये सांधा राहतो आणि फायरिंगमध्ये ज्वाळा तिथून आत घुसते.
4. थंड हळू होऊ द्या. पंख्याखाली किंवा फ्रीजमध्ये ठेवून पटकन थंड केलेल्या ग्रेनला तडे जातात.

सावधान: मेणाला आग लागली तर पाणी टाकायचं नाही, झाकण ठेवायचं, म्हणून भांड्याच्या मापाचं धातूचं झाकण आधीच शेजारी काढून ठेवा.

एचटीपीबी (क्युरिंग एजंट घालून घट्ट करायचं रबरासारखं इंधन) वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच. पावसाळ्यात कोकण, मुंबई, पुणे सगळीकडे हवेत इतकी ओल असते की क्युरिंग एजंटमधला आयसोसायनेट पाण्याशी रिअ‍ॅक्ट होऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि ग्रेन आतून इडलीसारखा जाळीदार होतो. व्हॅक्यूम लावून डीगॅस केलं तरी नंतर ओल शिरली तर बुडबुडे येतातच. कच्चा माल सीलबंद ठेवा, डबा उघडला की त्याच दिवशी वापरा. आणि आयसोसायनेटची वाफ फुफ्फुसाला कायमची अ‍ॅलर्जी देऊ शकते, कापडी मास्क इथे काही कामाचा नाही, फ्यूम हूडमध्येच मिसळा.

तपासा: ग्रेन उजेडासमोर धरा (काजळी नसेल तर आतले डाग दिसतात), बोटाने ठोकून पोकळ आवाज ऐका, दोन्ही टोकांना लायनर आणि मेण यात फट आहे का बघा. फट असली तर तो ग्रेन फायरिंगला नाही, घनतेच्या तुकड्यांना वापरा.

## ३. घनता मोजा, पुस्तकातली वापरू नका

पॅराफिन ०.९०, अ‍ॅक्रिलिक १.१८ च्या आसपास, हे आकडे सगळ्यांना पाठ असतात आणि सगळे तेच टाकतात. पण तुमच्या ग्रेनमध्ये बारीक बुडबुडे असतील तर खरी घनता कमी असते, आणि वजनावरून व्यास काढताना हीच घनता भागाकारात येते.

मेण पाण्यावर तरंगतं, म्हणून बुडवायला सोबत एक जड तुकडा, समजा स्टीलचा नट, बांधा. एक उदाहरण. मेणाच्या तुकड्याचं हवेतलं वजन १८.० ग्रॅम. नुसत्या नटचं पाण्यात लटकवून वजन ४०.० ग्रॅम. दोघांचं मिळून पाण्यात ३८.० ग्रॅम. मग तुकड्याने बाजूला सारलेलं पाणी १८ + ४० − ३८ = २० ग्रॅम, म्हणजे २० घन सेमी, घनता १८ भागिले २०, ०.९०. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, नाहीतर तुकड्याला हवेचे फुगे चिकटून बसतात आणि घनता कमी दिसते. प्रत्येक बॅचचे निदान तीन तुकडे, वरचा, मधला, खालचा.

## ४. वजन आणि माप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि याचं कारण म्हणजे हे काम कंटाळवाणं वाटतं आणि ज्याला दुसरं काही दिलेलं नसतं त्याला हे देतात. माझं म्हणणं, टीममधल्या सगळ्यात चिकाटीच्या माणसाला हे द्या.

काटा असा हवा की ग्रेन, लायनर सगळं पेलेल आणि तरी ०.१ ग्रॅम दाखवेल. वजन लायनरसकटच करायचं, पण मग लायनरचं वजन बदलता कामा नये. आमचे लायनर कागदी फिनॉलिकचे होते, जुलै महिना, संध्याकाळी वजन करून ठेवलं आणि सकाळी परत केलं तर ग्रेन तीन ग्रॅमने जड, रात्रभरात कागदाने ओल ओढली होती. तीन ग्रॅम म्हणजे दीडशे ग्रॅम जळणाऱ्या ग्रेनमध्ये २ टक्के चूक, पेटवायच्या आधीच. तेव्हापासून ग्रेन हवाबंद पिशवीत सिलिका जेलसोबत राहतो, वजन फायरिंगच्या अर्धा तास आधी होतं आणि काटा दर वेळी ओळखीच्या वजनाने तपासला जातो.

पोर्टचा व्यास तीन ठिकाणी मोजा, दोन्ही टोकांना आणि मध्ये, प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोनदा. व्हर्नियर मध्यापर्यंत पोचत नाही, तिथे टेलिस्कोपिक गेज लागतो. मेण मऊ असतं, गेज दाबला की ते दबतं, हलक्या हाताने. नोझलच्या थ्रोटचा, म्हणजे सगळ्यात अरुंद जागेचा व्यास फायरिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा, नोझलचा ग्रॅफाइट झिजतो.

तपासा: वजन, लांबी आणि व्यासावरून ग्रेनची घनता काढा आणि ती तुकड्यांच्या घनतेशी ताडून बघा (लायनरचं कोरडं वजन आधीच टिपलेलं असेल तरच हे जमतं). एक टक्क्यापेक्षा जास्त फरक आला तर माप चुकलंय किंवा आत पोकळी आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी फायरिंग थांबवा.

## ५. ऑक्सिजनची लाइन आणि कोल्ड फ्लो

ऑक्सिजनच्या लाइनमध्ये तेल, ग्रीस, लेथची चिप, बोटाचे डागसुद्धा नकोत. प्रत्येक पार्ट ऑक्सिजनसाठी चालणाराच हवा आणि साफ केल्यावर झाकून ठेवलेला. बॉल व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढची हवा दाबली जाऊन इतकी तापते की घाण असेल तर पेट घेते, म्हणून दाब हळू भरा.

फ्लो मोजायला चोक होणारी व्हेंच्युरी (मध्ये अरुंद होणारी नळी, तिथे गॅस आवाजाच्या वेगाला पोचतो) सगळ्यात चांगली, कारण मग चेंबरमध्ये काहीही चाललं तरी फ्लो वरच्या बाजूच्या दाबावर आणि तापमानावरच ठरतो. चेंबरचा दाब वरच्या दाबाच्या ८० टक्क्यांखाली राहतो का बघा, साधं ओरिफिस, म्हणजे नुसती भोक पाडलेली चकती असेल तर निम्म्याखाली ठेवा. तापमान मोजायला विसरू नका, सिलिंडर रिकामा होताना गॅस थंड होत जातो.

कोल्ड फ्लो नायट्रोजनवर करायचा. फक्त लक्षात ठेवा, त्याच दाबाला, त्याच तापमानाला ऑक्सिजनचा फ्लो सुमारे ७ टक्के जास्त असतो, कारण तो ३२ आणि नायट्रोजन २८, आणि फरक वर्गमुळाने येतो. हे विसरून नायट्रोजनचाच आकडा पुढच्या गणितात गेलेला मी एकदा नाही, अनेकदा बघितलाय.

चेंबरची पाण्याने दाब-चाचणी जास्तीत जास्त अपेक्षित दाबाच्या दीडपट करून मगच पुढे.

## ६. फायरिंग

इथे मी कमी लिहितोय, कारण प्रत्येक स्टँडची चेकलिस्ट वेगळी आणि ती तुमच्या गाईडसोबतच बनते. तीन गोष्टी मात्र सगळ्यांना लागू.

लॉगर काउंटडाउनच्या आधीच सुरू करा, दहा सेकंद शून्याची रेषा आधी आणि दहा नंतर पाहिजे, नाहीतर सेन्सर सरकलाय का हे कळतच नाही. मुख्य ऑक्सिजन एकदम पूर्ण उघडू नका, इंधनाची वाफ यायच्या आधी चेंबर ऑक्सिजनने भरला की पेटताना दाबाचा जोराचा धक्का बसतो. आणि बंद करताना ऑक्सिजन तोडल्या तोडल्या नायट्रोजन पर्ज, म्हणजे उरलेला ऑक्सिजन बाहेर ढकलणारा झोत सुरू व्हायलाच हवा, म्हणजे इंधन नंतर धुमसत राहून वजन खात नाही.

सावधान: दाब शून्य दिसेपर्यंत आणि लाइन मोकळी केल्याचं एकाने मोठ्याने सांगून दुसऱ्याने तपासेपर्यंत स्टँडजवळ कोणी जायचं नाही. पेटलं नाही तर तर नाहीच नाही.

## ७. विझल्यावर

मेणाचा ग्रेन गरम असताना पोर्टच्या भिंतीवर पातळ थर वितळलेला असतो. खरं तर पॅराफिन एचटीपीबीपेक्षा तीन-चार पट वेगाने मागे सरकतं ते याच थरामुळे, गॅसचा वारा त्यावर लाटा उठवतो आणि थेंब उडवून नेतो. पण विझल्यावर हाच थर ओघळून खाली साचतो किंवा नोझलमधून टपकतो, आणि मग जळलं नाही ते पण जळालेल्यात मोजलं जातं. नोझलखाली वजन केलेला ट्रे ठेवा, टपकलेलं मेण गोळा करून वेगळं वजन करा. पूर्ण थंड झाल्यावरच ग्रेन काढा आणि लगेच काट्यावर.

मग ग्रेन तीन-चार चकत्यांत कापा आणि प्रत्येकीचा व्यास मोजा. पुढच्या टोकाला, जिथे इंजेक्टरचा गॅस गोल फिरतो, तिथे खड्डा खोल असतो, हे नेहमीचं. पण एकाच बाजूला जास्त खाल्लेलं दिसलं तर इंजेक्टर तिरका आहे.

## ८. गणित

आता उदाहरण पूर्ण करू. सुरुवातीचा पोर्ट ३.० सेमी, लांबी २० सेमी, घनता ०.९०, जळालेलं वजन १५० ग्रॅम, ऑक्सिजन सेकंदाला ८८ ग्रॅम, वेळ ४ सेकंद.

1. जळालेलं आकारमान १५० भागिले ०.९० = १६६.७ घन सेमी.
2. शेवटच्या व्यासाचा वर्ग = सुरुवातीच्या व्यासाचा वर्ग + (४ × आकारमान) भागिले (३.१४१६ × लांबी) = ९ + १०.६१ = १९.६१. व्यास ४.४३ सेमी. हा आकडा कापलेल्या चकत्यांच्या सरासरीशी जुळला पाहिजे.
3. रेट = व्यासातल्या वाढीचा निम्मा भागिले वेळ = ७.१४ मिमी भागिले ४ = सेकंदाला १.७९ मिमी.
4. फ्लक्ससाठी व्यास सुरुवातीचा आणि शेवटचा यांची सरासरी, ३.७१ सेमी. क्षेत्रफळ १०.८ चौरस सेमी. फ्लक्स ८८ भागिले १०.८, सुमारे ८.१.

चूक कुठे होते? एक, फ्लक्स सुरुवातीच्या व्यासावर काढतात. तसं केलं तर तो १२.४ येतो, दीडपटीहून जास्त, आणि शेवटच्या व्यासावर ५.७. एकाच फायरिंगमध्ये फ्लक्स १२.४ वरून ५.७ वर घसरलेला असतो हे डोक्यात ठेवा, तुमचा एक पॉइंट हा खरं म्हणजे एवढ्या मोठ्या रेंजची सरासरी आहे.

दोन, वेळ. व्हॉल्व्ह उघडा होता तो वेळ म्हणजे जळण्याचा वेळ नव्हे. ४ ऐवजी साडेचार धरले की रेट १.७९ चा १.५९ होतो, ११ टक्के गेले. प्रेशरच्या आलेखावर एक नियम ठरवा, उदाहरणार्थ चढताना स्थिर दाबाच्या १० टक्क्यांपासून ते उतरताना रेषा जिथे ठळक मोडते तिथपर्यंत, आणि सगळ्या फायरिंगना तोच लावा. याहून चांगला उपाय म्हणजे एकसारखे दोन ग्रेन, एक २ सेकंद आणि दुसरा ५ सेकंद जाळायचा आणि दोघांतला फरक घ्यायचा, पेटण्या-विझण्याची गडबड दोन्हीत सारखीच असते म्हणून वजाबाकीत निघून जाते. एक ग्रेन जास्त लागतो, पण मी हे नेहमी करायला सांगतो.

तीन, युनिट. फ्लक्स ग्रॅम प्रति चौरस सेमीत मोजला की किलो प्रति चौरस मीटरमध्ये, याने ए बदलतो, आणि तो सरळ १० ने भागून बदलत नाही. पॅराफिन-ऑक्सिजनसाठी नेहमी दिले जाणारे ०.४८८ आणि ०.६२ हे ग्रॅम-सेमीतले आहेत. किलो-मीटरमध्ये जायचं तर ०.४८८ ला १० च्या ०.६२ व्या घाताने, म्हणजे ४.१७ ने भागायचं, ०.११७ येतो. एन तोच राहतो.

तपासा: चेंबरचा दाब गुणिले थ्रोटचं क्षेत्रफळ भागिले एकूण फ्लो, यावरून सी-स्टार (ज्वलन किती चांगलं झालं ते सांगणारा आकडा) काढा आणि तुमच्या ऑक्सिजन-इंधन प्रमाणाच्या (इथे ३५२ भागिले १५०, म्हणजे २.३५) थिअरीतल्या आकड्याशी ताडा. थिअरीपेक्षा जास्त आला तर फ्लो, दाब किंवा थ्रोट यातलं काहीतरी चुकीचं मोजलंय, इंधनाचा चमत्कार समजून आनंद मानू नका.

## ९. आलेख

दोन्ही बाजूंना लॉग स्केल, आडवा फ्लक्स, उभा रेट, रेषेचा उतार म्हणजे एन. ०.५ ते ०.८ मध्ये आला तर बरोबरच असेल असं नाही, पण ०.८ च्या वर गेला तर आधी स्वतःच्या मोजमापावर शंका घ्या. दोन इंधनांची तुलना नुसत्या ए वरून कधीच करू नका, एन थोडा हलला की ए लगेच उलट्या बाजूला हलतो. एकच फ्लक्स धरा, समजा १०, आणि त्या फ्लक्सला दोन्हींचा रेट किती ते बघा.

बेढब पॉइंट खोडायचा असेल तर कारण वहीत लिहून मगच खोडा, "इग्निशन उशिरा", "लायनर सुटला", जे असेल ते. कारण सापडत नसेल तर पॉइंट आलेखावर तसाच राहू द्या. आणि कापलेल्या चकत्या टाकून देऊ नका, बॅच नंबर आणि फायरिंगची तारीख मार्करने लिहून डब्यात ठेवा, सहा महिन्यांनी कोणी विचारलं की हा पॉइंट वर का गेलाय तर आधी तो डबा उघडा.